निम्मं शिंगरू

गाय दूध देते, शेळीचा बोकड विकता येतो, कोंबडीसुद्धा अंडं घालून आपला दाणा वसूल करून देते. घोडी काय देते? आमच्या गावात हा प्रश्न मला कुणीही, कुठेही विचारतं. दळणाच्या गिरणीत, सोसायटीच्या ओट्यावर, एकदा तर मयताच्या बैठकीत. पूर्वी मी मराठ्यांच्या स्वाऱ्यांपासून सुरुवात करायची. समोरचा आदराने मान डोलवायचा आणि म्हणायचा, "ते खरंच आहे हो वहिनी, पण देते काय?" आता मी सरळ सांगते, शिंगरू देते. एकच. अकरा महिन्यांनी. मनात आलं तर बाराव्यात. ऐकणारा मनातल्या मनात तेवढ्या महिन्यांच्या कडब्याचा हिशेब करतो आणि माझ्याकडे, का कोण जाणे, नवऱ्याची चौकशी करतो.

नवरा पुण्यात नोकरीला. शनिवारी येतो, घोड्यांचे फोटो काढतो, रविवारी जातो. बाकीचे दिवस मी, दौंडच्या पुढचं भीमेकाठचं चार एकर रान आणि तीन घोड्या. भीमथडीच्या. पुण्यात 'भीमथडी' म्हटलं की लोकांना डिसेंबरातली जत्रा, पिठलं-भाकरी आणि मासवडी आठवते. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एक बाई मोठ्या जिव्हाळ्याने म्हणाल्या, "यंदा नक्की येणार, तुमचा स्टॉल कुठेय?" मी पत्र्याच्या शेडचा पत्ता दिला.

नवरा या शेडला 'स्टड फार्म' म्हणतो. पुण्याच्या आसपास खरीखुरी स्टड फार्म आहेत, तिथे शर्यतीची घोडी जन्मतात. पूनावालांचं त्यातलंच एक. शर्यतीतून निवृत्त झालेली त्यांची घोडी लस बनवण्यासाठी परळच्या हाफकिनला जायची, आणि मग हे काम आपणच का करू नये, या विचारातून १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. अजूनही उसात कुणाला सापाने धरलं तर दवाखान्यात जे इंजेक्शन टोचतात ते घोड्याच्याच रक्तातून तयार झालेलं असतं. 'घोडी काय देते' या प्रश्नाला मी मध्यंतरी हेही उत्तर देऊन पाहिलं. त्यावर एकजण म्हणाला, "मग तुमच्या घोड्या सापाचं औषध देतात?" तेव्हापासून मी शिंगरावरच थांबते.

घोड्या आल्या त्या धनगरांच्या वाड्यातून. वाडा म्हणजे घर नव्हे. मेंढरं, माणसं, कुत्री, कोंबड्या मिळून जे बिऱ्हाड चालतं त्याला वाडा म्हणतात. पीक निघालं की आमच्या रानात मेंढरं बसवतात, लेंड्यांचं खत होतं, मालक पैसे किंवा धान्य देतो. मेंढरं चारत गडीमाणसं पुढे निघतात, आणि मागचा सगळा संसार बायका घोडीवर लादतात. हे लादणं एकदा बघण्यासारखं असतं. खाली घोंगडी, वर वाकळा, दोन्ही बाजूंना पोती, भांडी, पालाच्या काठ्या, चालता न येणारी कोकरं, त्यावर पायाला दोरी बांधलेली कोंबडी आणि सगळ्यांच्या वर एखादं मूल. घोडी हे सगळं घेऊन उभी राहते, आणि दोर आवळून होईपर्यंत बांधावरची कुसळं खाते. पहिली घोडी मी पाहिली ती अशीच. तिचं वय मी विचारलं तेव्हा वाड्यातल्या म्हाताऱ्या आक्कांनी तिचा ओठ वर करून दात दाखवले आणि म्हणाल्या, "हितं लिवलंय, वाच." मला वाचता आलं नाही. नंतर शिकले.

ही घोडी बुटकी. खांद्यापाशी १४७ सेंटिमीटरच्या आत असेल तर इंग्रजी हिशेबाने ती घोडी नव्हे, पोनी. आपल्याकडे तट्टू. पुण्याहून येणारे पाहुणे हमखास विचारतात, "अजून वाढेल ना?" आठ वर्षांची, दोनदा व्यालेली घोडी आता कुठे वाढणार? पण पाहुण्यांच्या मनातला घोडा पुतळ्यावरचा असतो. पुतळे उंच चौथऱ्यावर असतात हे ते विसरतात.

नवऱ्याने पहिलीचं नाव यमुना ठेवलं. राजा बढे यांच्या ज्या गीताला २०२३ मध्ये राज्यगीताचा मान मिळाला, त्यात भीमथडीच्या तट्टांचा आणि यमुनेचा संबंध आहे, त्यावरून. आमची यमुना मात्र पावसाळ्यात दारातलं डबकंही ओलांडत नाही. डबक्याच्या काठाशी थांबते, मान खाली घालून फुरफुरते आणि पलीकडे नेण्यापेक्षा पलीकडचं गवत इकडे आणा असं सुचवते.

तीन घोड्या, पण नर नाही. नर घोडा ठेवायचा तर वेगळं कुंपण हवं, वेगळा माणूस हवा आणि शेजाऱ्यांशी वेगळे संबंध हवेत. म्हणून घोडी माजावर आली की नराच्या शोधात निघायचं. एकवीस-बावीस दिवसांचं तिचं चक्र, त्यातले पाच-सात दिवस कामाचे. ते चुकले की पुढच्या पाळीपर्यंत थांबा. नर शोधणं सोपं वाटतं, कारण जो तो म्हणतो, आमच्याकडे आहे की. बघायला जावं तर समोर सात फूट मान ताठ केलेला मारवाडी उभा. "तुमच्या तट्टापोटी उंच पैदास होईल, वरातीला चालेल," असं मालक परोपकाराने सांगतो. त्याचं अगदी चूक नाही. नवरदेवाला पांढरा आणि उंच घोडा लागतो, बँडवाल्यांचा भाव त्यावर ठरतो. पण या उंचीच्या हौसेत भीमथडीचं रक्त किती पातळ झालं असेल, ते आसपासची शिंगरं पाहिली की समजतं. लांब पाय, नाजूक खूर, आणि लाद म्हटलं की खाली बसायचं.

भीमथडीचा नर सापडला तर त्याच्या अंगावरचे भोवरे बघायचे. हे शास्त्र मोठं आहे. डोळ्याखाली भोवरा असेल तर आसूढाळ, मालकाला रडवणार. पुढच्या पायावर खाली तोंड करून असेल तर खुंट गाडणारा, घर स्थिर करणारा. तोच वर तोंड करून असेल तर खुंट उपटणारा, बिऱ्हाड हलवणारा. आणि गळ्यावर देवमण असेल तर बाकी सगळे दोष माफ. सारंगखेड्याला तापीकाठी दत्तजयंतीची यात्रा भरते, तिथे घोड्यांचा बाजार बघत हिंडताना माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. आसूढाळ नेहमी गिऱ्हाइकाला दिसतो आणि देवमण नेहमी मालकाला. दोघं मिळून आयाळ वर करतात, केस उलटसुलट करतात, एकाला तो भोवरा वाटतो, दुसऱ्याला वारा लागून केस फिरलेत असं वाटतं. शेवटी रुमालाखाली बोटं धरून जो आकडा ठरतो त्यात सगळे भोवरे मिटतात. मी या शास्त्राला नावं ठेवत नाही. पैशांवरून थेट भांडण्यापेक्षा घोड्याच्या नशिबावरून भांडणं कधीही सभ्य. पण फिरत्या वाड्याला खुंट उपटणारा घोडा अशुभ कसा, हे मी आक्कांना विचारलं. त्या म्हणाल्या, "आमचा खुंट रोजच उपटतोय, त्येला घोडं कशाला पायजे?"

नर पसंत पडला तरी पुढचा निर्णय घोडीचा. मागे कान, आवळून धरलेलं शेपूट आणि एक नेमकी लाथ, एवढ्यात ती आपलं मत सांगते. माणसांनी ठरवलेला मुहूर्त, टेम्पोचं भाडं, नराच्या मालकाने बोलावलेली माणसं, यांचा तिच्यावर काडीचा परिणाम होत नाही. मग दुसऱ्या दिवशी पहाटे, कुणी बघत नसताना, तीच घोडी सोज्वळपणे उभी राहते.

शेवटचा महिना आला की माझी झोप जाते. कास भरू लागते, शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजू ढिल्या पडतात, मग एक दिवस सडांच्या टोकाला मेणासारखे पिवळट थेंब दिसतात. पुस्तक सांगतं, आता एक-दोन दिवसांत. घोडीने पुस्तक वाचलेलं नसतं. शिंगरू बहुतेक रात्रीच जन्मतं, कारण रानात वाढलेल्या या जनावराला अंधार आणि एकांत हवा असतो, आणि तो मिळेपर्यंत कळ धरून ठेवणं तिला जमतं. कंदील घेऊन, गोधडी पांघरून, तिच्यापासून चार हातांवर मी बसते. ती माझ्याकडे बघत संथपणे कडबा चघळते. माझ्या बसण्याने तिला काडीचा आधार वाटत नसावा. उलट, ही बाई इथे का बसलीय, हिला घरी कुणी विचारत नाही का, असा भाव असतो. मी चहा टाकायला आत जाते. पाणी उकळायच्या आत बाहेर सगळं झालेलं असतं.

जन्मतारखेची मात्र गंमत आहे. आपल्याकडे शर्यतीच्या सगळ्या घोड्यांचं वय १ जानेवारीला वाढतं, मग ते फेब्रुवारीत जन्मो की मे महिन्यात. त्यांची वंशनोंद ठेवणारं कार्यालयही पुण्यातच आहे. आमच्या सासऱ्यांच्या पिढीत निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला असायचा, कारण शाळेत घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकलेली. घोड्यांचेही कुणीतरी गुरुजी असावेत.

शिंगरू जमिनीवर येतं तेव्हा त्यात पायांशिवाय काही दिसत नाही. खुरांना खाली मऊ, पांढुरकी झालर असते, आईच्या पोटात पाय मारले तरी इजा होऊ नये म्हणून. जमिनीला लागली की ती झडते. मग उभं राहण्याचा उद्योग. पुढचे दोन पाय एकीकडे, मागचे दोन तिसरीकडे, तोंड मातीत. पुन्हा. साधारण तासाभरात ते उभं राहावं, दोन तासांत प्यावं, तीन तासांत घोडीची वार पडावी, असा ढोबळ हिशेब आहे. वार अडकली तर धावाधाव करायची. आपले गुरांचे डॉक्टर गायी-म्हशींच्या बाबतीत निष्णात, घोडीजवळ जाताना मात्र ते आधी तिच्या मागच्या पायांची चौकशी करतात.

सगळ्यात महत्त्वाचा चीक. माणसाच्या बाळाला आईच्या पोटात असतानाच रोगांशी लढायची थोडीफार शिदोरी मिळते. शिंगराला वारेतून ती मिळत नाही, ते कोरंच जन्माला येतं. जे काय मिळायचं ते चिकातून, आणि तेही पहिल्या दिवसातच, कारण त्यानंतर त्याच्या आतड्याला ते शोषून घेता येत नाही. म्हणून शिंगरू कास शोधतं तेव्हा माझा जीव खालीवर होतो. ते आधी आईच्या पुढच्या पायांमध्ये शोधतं. मग छातीपाशी. मग माझ्या कोपरापाशी, मग शेडच्या खांबापाशी. खांबावर बराच वेळ काढतं. इथे मदतीला धावण्याचा मोह होतो. आक्का म्हणतात, हात लावू नको, खांबातनं दूध येत न्हाई हे त्येचं त्येला कळू दे.

पुढच्या काही दिवसांत ते जे करतं ते पाहुण्यांना दाखवण्यासारखं नसतं. आईची ताजी लीद खातं. पुण्याहून आलेल्या एका मुलीने हे बघून जेवण सोडलं. मी तिला समजावलं की गवत पचवायला पोटात जे जंतू लागतात ते त्याला यातूनच मिळतात. ती म्हणाली, "काकू, सप्लिमेंट नसतं का?" दुसरी सवय गोड आहे. मोठं जनावर जवळ आलं की शिंगरू मान लांब करतं, ओठ मागे घेतं आणि दातावर दात आपटतं. मी लहान आहे, मारू नका, असं सांगणं ते. हे त्याने गाढवाला, ट्रॅक्टरला आणि ग्रामसेवकांनाही सांगून पाहिलंय.

आणि हे सगळं चालू असताना, शिंगरू आठवडा-दीड आठवड्याचं झालं नाही तोच, घोडी पुन्हा माजावर येते. अकरा महिने पोटात वागवलेलं बाळ पायाशी असताना. मी अजून बाळंतिणीला हुलग्याचं कढण करतेय आणि ती कुंपणापलीकडे मान उंच करून खिंकाळतेय. तिचं गणित साधं आहे. वर्षाला एक शिंगरू द्यायचं तर महिनाभरात पुन्हा फळायला हवं. विश्रांती ही कल्पना बहुधा माझी एकटीचीच असावी.

काही काळापूर्वी करनालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. मारवाडी, काठियावाडी, स्पिती, झंस्कारी यांच्या पंगतीत आमचं तट्टू बसलं. बारामती, फलटण, दौंड भागातल्या लोकांनी त्यासाठी खटपट केली होती. मला आनंद झाला, पेढेही वाटले. पेढा तोंडात टाकत शेजारी म्हणाले, "मग आता देते काय?"

त्यानंतर लोकांचा जीव जडला, तट्टू जपायची लाट आली. चांगल्या मनाने आली. पण जपायचं म्हणजे नेमकं काय? तर शेड, कुंपण, हरभऱ्याची चंदी, जीवनसत्त्वाची पावडर. ही घोडी घडली ते या काठावर काहीच नव्हतं म्हणून. पर्जन्यछायेचा पट्टा, उन्हाळ्यात कुसळी गवत, पिकलं तर बाजरी-हुलगे. खाणं कमी, चालणं फार. जे शिंगरू वाड्याबरोबर चालू शकलं नाही ते मागे राहिलं, आणि त्याचा वंशही मागेच राहिला. कुणी कागदावर निवड केली नाही, वाटेने केली. आता तोच काठ बघा. नीरेच्या कालव्याला शंभरावर वर्षं होऊन गेली, १९८० च्या सुमाराला उजनीचं धरण भरलं, भिगवणला थंडीत रोहित पक्षी येतात आणि त्यांना बघायला होडीतून माणसं येतात. चहूकडे ऊस. उसाचे वाढे फुकटात मिळतात, घोडी आवडीने खाते आणि बघता बघता गोल होते. या काटक जातीला गोड आणि ओलं मानवत नाही. फार पौष्टिक खाऊन खुरांच्या आत सूज धरते, घोडी पाऊल टाकेना होते. वाढत्या शिंगराला चंदी जास्त झाली तर सांधे बिघडतात. दुष्काळाने जे मोडलं नाही ते सुबत्तेने मोडायची वेळ आली आहे.

आक्का दिवाळीच्या आधी आल्या तेव्हा यमुनेचं शिंगरू सहा-सात महिन्यांचं होतं, आईपासून तोडायच्या वयाचं. तकतकीत, पंचकल्याणी, नवऱ्याच्या मते फोटोत अप्रतिम. आक्कांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली, खूर उचलून अंगठ्याने दाबून पाहिला आणि खाली ठेवला. "गुणाचं हाय," त्या म्हणाल्या, "पर पायात वाट न्हाई अजून."

मग वाट त्यांनीच देऊ केली. दिवाळी झाली की वाडा घाट उतरून कोकणात जातो, पावसाच्या आधी वर येतो. शिंगरू बरोबर न्यायचं. लादायचं नाही, नुसतं घोड्यांच्या मागून मोकळं चालवायचं. नदी आली की नदी, डांबर आलं की डांबर. मिळेल ते खाईल, मिळेल तिथे उभ्याने झोपेल. या कोवळ्या वयात हाड आणि खूर चालण्यानेच घट्ट होतात, असं घोड्यांचे शास्त्रज्ञही सांगतात, फक्त ते शास्त्रज्ञ शिंगरू कोकणात न्यायला तयार नसतात.

नवऱ्याने त्या रविवारी निरोपाचे फोटो काढले. मी शिंगराच्या गळ्यात काळा दोरा बांधला. यमुना एक दिवस खिंकाळली, दुसऱ्या दिवशी दाण्याला आली.

वाड्याची वाटही आता पूर्वीची राहिलेली नाही. जिथून मेंढरं जायची तिथे तारेची कुंपणं आहेत, सहापदरी रस्ते आहेत. आक्कांचे नातू बिऱ्हाड पिकअपमध्ये टाकून तासाभरात पुढच्या मुक्कामाला पोहोचतात आणि वर आजीला फोन करतात, कुठं राहिलीस म्हणून. घोडी हवी कशाला, हा त्यांचाही सवाल आहे. करनालच्या यादीत जात राहील, पण वाट कुठल्या कार्यालयात नोंदवायची याची मी चौकशी केली नाही. माझ्या प्रश्नांवर लोक आधीच दमलेले आहेत.

शिंगरू जूनच्या तोंडाशी आलं. बरगड्या मोजता येत होत्या, शेपटीत कुसळं, गुडघ्यावर एक बरी झालेली जखम. नवरा म्हणाला, "केवढं वाळलं हो!" मी खूर उचलून दाबला. अंगठा जागेवर राहिला. रात्री पाऊस झाला, सकाळी दारातल्या डबक्यापाशी यमुना थांबली आणि हे पठ्ठं तिच्या शेजारून सरळ पाण्यातून पलीकडे गेलं, मागे न बघता.

राहिला व्यवहार. आक्कांनी राखणीचे पैसे घ्यायला नकार दिला. जनावर निम्म्या वाट्याने सांभाळायची त्यांच्याकडे रीत आहे, तेव्हा शिंगरू निम्मं त्यांचं, निम्मं माझं. आता ती वछेरी आहे. म्हणजे तिला उद्या शिंगरू झालं की त्यातही निम्मा वाटा. पण ते शिंगरू माझ्या शेडमध्ये जन्मलं आणि नर मी आणला तर? त्यालाही वाटेला नेलं तर अर्ध्याचं अर्धं, की पुन्हा निम्मं? नवऱ्याने लॅपटॉपवर एक्सेल उघडलं आणि तिसऱ्या पिढीपर्यंत रकाने केले. शेवटच्या रकान्यात माझ्या वाट्याला एका शिंगराचे तीन अष्टमांश आले. त्याने ते आक्कांना वाचून दाखवलं. आक्कांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं, तंबाखूची चिमूट दाढेखाली ठेवली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ते दिवाळीला बघू. तवर हिला वाढं घालू नको, आन् त्या थोरल्या घोडीचे हुलगे कमी कर."